सोललेले खुंट

नदीकाठची वाळुंजाची झाडी तोडली तेव्हा मी रडले नाही. दादाने शब्द दिला होता.

आम्ही बहीणभाऊ टोपल्या विणतो. बूड तो घालतो, कड मी वळते. काठी त्याच झाडीतली. तिची मुळं काठ धरून ठेवायची, मुळांच्या जाळीत मासे अंडी घालायचे. थंडी सरताना फुलोरा आला की उपाशी मधमाश्या आधी तिथेच यायच्या. काठ सरळ करायला इंजिनिअर मशीन घेऊन आला, तेव्हा मी मशीनपुढे आडवी पडले. तो म्हणाला, "बाई, याच फांद्यांचे ओले खुंट काठात ठोकू. वाळुंज आहे, फुटणारच. झाडी परत येईल." खुंटांचं काम दादाकडे आलं. दादा म्हणाला, "मी आहे ना. ऊठ आता, चिखलात म्हैस बसल्यासारखी बसलीयस."

मी उठले. तिथेच फसले.

पालवीचा मोसम आला नि गेला. एकाही खुंटाला डोळा फुटेना. शेवटी एक उपटला. मातीवरच्या भागाला साल शाबूत, बघणाऱ्याला शंका नको म्हणून. मातीखाली मात्र पांढराफटक सोललेला, शिवाय खालचं टोक जाळलेलं. असा खुंट मूळ धरतच नाही. आमच्या काठ्या सोलायच्या चिमट्याचे ओरखडे उलट्या बाजूला वळलेले. आमच्यात डावरा एकच.

खुंट नेऊन त्याच्या मांडीवर टाकला.

"ओळखतोस?"

त्याने विणणं थांबवलं नाही. "या कामाचा ठेकेदार मला काठावर चहाचं दुकान घालून देतोय. झाडी वाढली तर गिऱ्हाइकाला नदी दिसणार कशी?"

"काठ खचला की दुकानातूनच दिसेल. अगदी पायाखाली."

"तेव्हाचं तेव्हा बघू. तू काय झाडांची आई लागून गेलीस?"

"तू माझा भाऊ तरी लागायचास."

त्याचा हात अडला. मग म्हणाला, "बरं, टाकीतली मोळी सोलून घे. झाडीतली तेवढीच उरलीय."

टाकीत हात घातला. भिजत पडलेल्या काठ्यांना मुळं सुटली होती, बारीक, लालसर. मोळी तशीच ओली उचलून डोक्यावर घेतली. पाणी पाठीवरून ओघळलं.

"ए, कुठे लावणारेस? सांग तरी."

लहानपणापासून माझ्या पोटात काही राहिलं नाही. आईच्या आधी दादाला सांगायचे मी सगळं.

दार ओढून घेतलं आणि निघाले.