आपण मागे राहायचं

ते साल २००६. बिबवेवाडीत त्या वर्षी सतत कुठे ना कुठे काहीतरी पाडत होते. सकाळी चहाला बसावं तर धाडकन आवाज यायचा. कोणाचं घर गेलं ते बघायला मी उंबऱ्यापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. चहा तसाच निवायचा. पुढची पाळी आपली आहे, हे मला कळत होतं.

एका जागेवर दोन बैठी घरं, मध्ये सामाईक भिंत आणि पुढे रस्त्याला लागून एकच अंगण, असं ते होतं. माझा धाकटा भाऊ धोंडिबा आणि त्याचा मित्र बापूराव सातारा रस्त्यावरच्या एकाच कारखान्यात कामाला. दोघांनी मिळून जागा घेतली तेव्हा आजूबाजूला ज्वारी उभी असायची आणि स्वारगेटहून इकडे यायला रिक्षावाला तोंड वाकडं करायचा. विटा दोघांनी स्वतः वाहिल्या. मी लवकर विधवा झाले, भावाकडे राहायला आले आणि जवळच्या बालवाडीत शिकवू लागले.

त्या अंगणात 'आमचं' आणि 'तुमचं' कधी ऐकू आलं नाही. "आपली मोरी तुंबलीय." "आपली पोरगी पहिली आली बरं का!" ही पोरगी धोंडिबाची, आम्रपाली, पण गल्लीभर सांगत सुटायचे ते बापूराव. बुद्धपौर्णिमेची खीर एकाच पातेल्यात व्हायची आणि कोणाचं दूध, कोणाची साखर, हे विचारायची पद्धत नव्हती. बापूरावांचा प्रज्ञेश आम्रपालीच्याच वयाचा. त्याची आई द्वारका महापालिकेच्या शाळेत शिपाई होती, त्यामुळे पोरगा दिवसभर माझ्या भावजयीच्या, चंपाच्या, कडेवर असायचा. "चंपामावशी, तू मला आधी वाढ," म्हणून ताटली आपटायचा. आम्रपालीच्या आधी वाढून घ्यायचा.

मग कारखाना बंद पडला. दोघांना एकाच दिवशी घरी बसवलं. पण बापूरावांच्या घरात द्वारकेचा पक्का पगार येत होता, म्हणून प्रज्ञेशचं इंजिनिअरिंग सुटलं नाही. आपल्याकडे माझं बालवाडीचं मानधन, ते भाजीला पुरायचं. धोंडिबा दुसऱ्याची रिक्षा चालवू लागला. आम्रपालीनं डिप्लोमा अर्ध्यावर सोडला आणि आईबरोबर पोळपाट घेऊन बसली. मार्क तिचे प्रज्ञेशपेक्षा कधीच कमी नव्हते. एका भिंतीच्या दोन बाजूंना एवढंच काय ते वेगळं झालं. तेव्हा ते फार वाटलंही नाही.

चंपानं अंगणात रस्त्याच्या बाजूला शेगडी मांडली आणि पोळीभाजी विकायला सुरुवात केली. कॉलेजची मुलं यायची, मग कंपन्यांची यायला लागली, गळ्यात पट्टे अडकवलेली. गाडी रस्त्यावरच थांबवून "मावशी, चार पोळ्या" असं ओरडायची. घर चालायचं ते त्या शेगडीवर, आणि शेगडी चालायची ती रस्त्याला लागून होती म्हणून.

प्रज्ञेश हिंजवडीला आयटी कंपनीत नोकरीला लागला, दोन वर्षं अमेरिकेत राहून आला. येताना त्यानं चंपासाठी साडी आणली आणि काही दिवसांनी बिल्डरचा नकाशाही आणला. एका रविवारी अंगणात खुर्च्या टाकल्या. चंपा पोळपाटावरून उठून आली, हाताला पीठ तसंच.

"मावशी, आपण बसा ना," प्रज्ञेश म्हणाला.

"अरे, बसूया की," चंपा म्हणाली आणि बसली.

प्रज्ञेशनं मांडीवरच्या कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. चार मजली इमारत, पुढे काचा, मागे एक वेगळा जिना. "साधं आहे बघा," तो म्हणाला. "आपण मागे राहायचं, पुढे दुकानं काढायची. रस्त्याला शांतता नसते, मागे कसं निवांत."

चंपा एकदम खूश. "पुढे दुकान निघालं म्हणजे झालं. मागे तर मागे. झोपायलाच जायचंय." त्या दिवशी तिनं गल्लीत सगळ्यांना सांगितलं, की आपण सगळे मागे राहायला जाणार आणि पुढे पोळ्यांचं पक्कं दुकान होणार, शटर असलेलं. आम्रपालीनं तर नाव पण ठरवलं. मलाही तसंच ऐकू आलं होतं. तरी मला चैन पडेना. प्रज्ञेश तिला "बसा" का म्हणाला, हे डोक्यातून जाईना. कंपनीत तशी सवय लागत असेल, अशी मी समजूत घातली आणि पुन्हा उंबऱ्यापर्यंत जाऊन आले.

पुढच्या महिन्यात बिल्डरचा माणूस टेप घेऊन अंगण मोजायला आला. चंपानं त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "आपलं दुकान डावीकडचं का उजवीकडचं?"

"तुमचं कुठलं, आजी? दोन्ही बुक झालीत. एक मोबाइलवाल्यानं घेतलंय." त्यानं नकाशा उलगडला. "पुढचे सगळे फ्लॅट बापूराव साहेबांचे. तुमचा हा, मागचा. तुम्हाला गेट पण मागून आहे."

चंपानं त्याच्या हातातून पेला काढून घेतला. पाणी अर्धं राहिलं होतं.

संध्याकाळी प्रज्ञेश गाडीतून उतरला तेव्हा सगळे अंगणात होते. बापूराव खुर्चीत, द्वारका दारात, धोंडिबा रिक्षा लावून भिंतीला टेकलेला. चंपा मधोमध उभी.

"काय रे, तू म्हणालास ना, आपण मागे राहायचं?"

"हो मावशी."

"आणि पुढे दुकानं काढायची?"

"हो."

"मग माझी शेगडी कुठाय?"

तो गोंधळला. "मावशी, मी तेव्हा क्लिअर सांगितलं होतं. आपण मागे…"

"आपण म्हणजे कोण?"

"आपण म्हणजे…" त्यानं हात पुढे केला, तिच्याकडे. "आपण. म्हणजे तुम्ही."

आम्रपाली हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं.

"मी रिस्पेक्टनं म्हणालो होतो," प्रज्ञेश म्हणाला. त्याचा चेहरा खरंच कसनुसा झाला होता.

"तुझ्या रिस्पेक्टनं माझी शेगडी गेली की रे. 'तू' म्हणाला असतास तर तिथल्या तिथे समजलं असतं मला. कान उपटला असता तुझा."

"मावशी, जरा प्रॅक्टिकल बघा ना. दुकानं विकल्याशिवाय बिल्डर उभा राहत नाही. लोन माझ्या नावावर आहे. तुम्हाला फ्लॅट तर मिळतोय, फुकट."

"फुकट? विटा काय आभाळातून पडल्या होत्या का, बापूराव भावजी?"

बापूरावांनी खुर्ची मागे सरकवली. धोंडिबा म्हणाला, "चंपे, जाऊ दे."

"जाऊ देते की." ती प्रज्ञेशच्या अगदी जवळ गेली. "कागदावर ह्यांचंही नाव आहे, ह्यांची सही लागणारच. तू एवढंच कर. लहानपणी बोलायचास तसं बोल. म्हण, चंपामावशी, तू मागे राहा. माझ्या तोंडाकडे बघून म्हण. लगेच सही करायला सांगते ह्यांना."

तो बोलणार असं वाटलं. त्यानं तोंड उघडलं, चष्मा पुसला, फोन खिशातून काढून पुन्हा खिशात घातला. "मावशी, प्लीज," एवढंच म्हणाला. मी मनात म्हणत होते, जमणार नाही त्याला, वाचलो आपण.

"मी म्हणते की!" दारातून द्वारका बोलली. तिचा आवाज चिरकला होता. "त्यात काय एवढं? तू मागे राहा, चंपा. आम्ही पुढे राहतो. झालं? जन्मभर झाडू मारला मी दुसऱ्यांच्या शाळेत. माझ्या पोरानं मिळवलंय. आम्ही किती दिवस वाटून खायचं?"

त्या अंगणात 'आम्ही' हा शब्द पहिल्यांदा आला. चंपा भांडेल असं मला वाटलं, मी मनातल्या मनात तिला भांड, भांड म्हणत होते. ती नवऱ्याकडे वळली.

"ऐकलंत ना? करा सही."

"अगं, थांब जरा," मी म्हणाले. "वकिलाला विचारू, जागा दोघांची आहे."

"आक्का, मी शब्द दिलाय," ती म्हणाली. शेगडीतले निखारे तिनं पाणी घालून विझवले. कणीक मळलेली होती, ती तशीच राहिली.

इमारत दोन वर्षांत उभी राहिली. बापूराव पुढच्या घरात जेमतेम वर्षभर राहिले. धोंडिबा त्यांना भेटायला जायचा, पण पुढच्या गेटचा वॉचमन प्रत्येक वेळी नाव विचारायचा. मग तो जायचा थांबला. बापूरावांना खांदा मात्र त्यानंच दिला. पुढे दोन हिवाळे काढून धोंडिबाही गेला.

प्रज्ञेश अमेरिकेतच स्थायिक झाला. दर बुद्धपौर्णिमेला फोन करतो. चंपाची चौकशी करतो, तिच्याशी बोलायला मागत नाही.

आम्रपालीनं स्वारगेटजवळ एक गाळा भाड्यानं घेतला आणि पोळ्यांचं दुकान काढलं, शटर असलेलं. लग्न केलं नाही. तिच्या हाताखाली आता चार बायका आहेत. त्यांना पगार किती देतेस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आत्या, तू पोळी खा."

मी मागच्या घरात, खिडकीपाशी. इथून रस्ता दिसत नाही, नुसते हॉर्न ऐकू येतात. अजूनही उठून दारापर्यंत जाते आणि परत येते.

द्वारका पुढच्या घरात एकटी. गुडघे गेलेत, पण लिफ्टनं उतरते, इमारतीला वळसा घालते आणि दुपारची मागच्या जिन्याशी येऊन बसते. चंपा तिला ताट नेऊन देते. काल द्वारकेनं ताटावरचं झाकण काढत विचारलं, "आज काय केलंय गं आपण?"

"मी पिठलं केलंय," चंपा म्हणाली. "तू जेव."