हूल आणि घाव

तक्रार कक्षात बसणाऱ्या ताईची ख्याती अशी, की समोरच्याने तोंड उघडावं आणि हिने दुखणं ओळखावं. कपडे धुण्याची यंत्रं बनवणारी कंपनी ती. फोनवरचा माणूस "अहो, ते पाणी..." एवढं म्हणतो न म्हणतो, तोच ताई सांगून मोकळी, मागची नळी बघा, पिळली गेली असेल. बहुतेक वेळा असायचीही. साहेब खूश, गिऱ्हाईक खूश, आणि ताई मनोमन देवाला हात जोडायची, की बाबा, एवढी एक विद्या दिलीस, भरून पावले.

आता ही विद्या अंगाशी कुठे आली ते ऐका. तिचा धाकटा भाऊ, छोट्या, दूरच्या शहरात राहायचा. शनिवारी दुपारी तो संगणकावर एक खेळ खेळायचा. चिलखत चढवायचं, तलवार नाहीतर कुऱ्हाड घ्यायची आणि कुठल्या कुठल्या माणसांशी मैदानात भिडायचं. ताईला त्या कापाकापीचं काडीचं कौतुक नव्हतं. पण एरवी फोनवर "बरा आहे, ठेवतो" एवढ्यावर आटोपणारा भाऊ खेळताना तासभर बडबडायचा. त्या आवाजाच्या लोभाने ताईने कानाला हेडफोन लावला आणि चिलखत घालून उभी राहिली. पलीकडच्या खोलीत आई वामकुक्षी घेत असायची. आईचं औषधपाणी, उठबस, सगळं ताईकडेच.

लढाईत मात्र ताईची दर खेपेला फजिती. छोट्याच्या टोळीत एक जागा रिकामी झाली होती आणि रविवारी मोठा सामना होता. टोळीतली मंडळी म्हणाली, तुझ्या बहिणीला घेतलं तर एक माणूस कमीच धरावा लागेल. छोट्याने आडपडदा न ठेवता सांगितलं, येत्या शनिवारी माझी हूल ओळखून दाखव, जागा तुझी. नाहीतर दुसरा कोणी घेऊ, मग शनिवारचा सराव त्याच्याबरोबर. ताईने मनाशी हिशेब मांडला. तो एक तास गेला, तर भाऊ हातचा गेलाच.

हूल म्हणजे काय, तर तलवार उगारायची आणि मधेच हात आखडता घ्यायचा. समोरचा घाईघाईने अडवायला जातो, त्याचा दम वाया जातो, आणि खरा घाव बसतो उघड्या मानेवर. ताई दर वेळी फसायची, समेच्या आधीच मान डोलावणाऱ्या श्रोत्यासारखी.

"टोकाकडे काय बघतेस, खांद्याकडे बघ," छोट्या म्हणायचा. "खरा घाव असला की खांदा पुढे येतो."

"बघतेय रे."

"कुठे बघतेस? मी हात उचलला की तुझं आपलं, कळलं मला सगळं."

मग मधेच तो आवाज बदलून म्हणायचा, "ताई, आईचं जरा..." आणि ताई लगेच, "आईची काळजी तू करूच नकोस. मी आहे ना खंबीर." एवढं ऐकलं की तो गप्प. हेही दर शनिवारचंच.

आठवडाभर ताईने खेळातल्या, संगणकच चालवतो अशा शिपायाशी सराव केला. तलवार उगारली की बोट बटणावरून उचलायचं, अर्धं पाऊल मागे घ्यायचं, खांद्यावर नजर ठेवायची. काही न करणं इतकं जड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती सवय कामावरही उतरली. एक आजी फोनवर "ते पाणी..." म्हणाल्या आणि ताई जीभ आवरून बसली. आजी पुढे म्हणाल्या, पाणी छान येतंय हो, पण दार उघडत नाही, आणि माझी कवळी आत फिरतेय. ताईला हसूही आलं आणि लाजही वाटली. अशा किती कवळ्या आपण नळी बघा म्हणून वाटेला लावल्या असतील?

शनिवार आला. मैदानात बहीणभाऊ समोरासमोर. छोट्याने तलवार उगारली. ताईचं बोट शिवशिवलं, पण खांदा जागच्या जागी होता. तिने वाट पाहिली. तलवार मागे गेली, पुन्हा उठली, आणि या खेपेला खांदा पुढे आला. ताईने तो घाव अडवला आणि उलटा वार केला. छोट्या आडवा.

"ये उद्या सामन्याला," नव्या दमाने उठत तो म्हणाला. "जागा तुझी."

त्यानंतर हेडफोनमध्ये नुसता श्वास ऐकू येत राहिला. एरवी ताईने ती पोकळी भरून काढली असती. आज ती थांबली.

"ताई, आईचं जरा..." तो म्हणाला.

ताईने बोट बटणावरून उचललं.

"आईला माझ्याकडे पाठव ना थोडे दिवस. मीही मुलगा आहे तिचा. तू मला काही करूच देत नाहीस."

हा घाव खरा होता. औषधांच्या वेळा, तुझी नोकरी, तुला कुठे जमतंय, सगळी उत्तरं ताईच्या जिभेवर येऊन उभी राहिली. घर आईवाचून कसं दिसेल, तेही डोळ्यांपुढे आलं.

"बोल," ती म्हणाली. "तुझं संपलं नाही अजून."

"नाही," छोट्या म्हणाला.

एवढ्यात कुठूनसा एक अनोळखी कुऱ्हाडवाला ताईच्या रोखाने धावत आला. त्याचा पुढे आलेला खांदा तिला लख्ख दिसला. पण छोट्या सांगत होता, की तळमजल्यावरची खोली घेतलीय, खिडकीत सकाळी ऊन येतं, आईची खुर्ची तिथे बसेल का ते मोजून पाहिलंय. ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि ऐकत राहिली.