विजेवाचून लागलेली आग

सरकारी निवेदन असे: ‘इजिप्तच्या मिन्या प्रांतातील या गावी धार्मिक तेढ नाही. पिंजारी वहबा यांच्या घरास विजेच्या तारेमुळे आग लागली. उभय पक्षांत समेट झाला आहे.’

आग लागली त्या शुक्रवारी सकाळपासून गावात वीजच नव्हती. प्रवाहाविना पेटणारी तार हा पदार्थविज्ञानाला आमच्या प्रांताने दिलेला नजराणाच म्हणायचा! जवळपास चर्च नाही, म्हणून कॉप्टिक ख्रिस्ती शेजारी वहबाच्या माडीवर प्रार्थनेला जमत. ‘घराचं चर्च करतोस काय?’ असे ओरडत आलेल्या जमावात तेढ कोणाला दिसली नाही. ज्याने भरलेल्या गाद्या गावातल्या मुसलमान आणि ख्रिस्ती नवऱ्यामुलींनी सासरी नेल्या, त्याचे घर कापसासकट जळाले.

राहिला समेट. तो गावप्रमुख उम्दाच्या बैठकीत झाला. जाळणारे लोडाला टेकून चहा पीत होते. ज्याचे जळाले तो मध्ये उभा होता.

“वहबा, ‘तारेनं आग लागली’ एवढं म्हण आणि दुकान उघड,” उम्दा म्हणाला. “नाहीतर उद्या गाव सोड. आम्ही काय वाईट माणसं आहोत?”

दाराशी उभी असलेली वहबाची बायको दमियाना कुजबुजली, “अहो, म्हणून टाका ना! लेकरं घेऊन कुठं जायचं?”

वहबाने क्रूस गोंदलेला हात छातीशी धरला. त्याचा आवाज स्थिर होता.

“उम्दासाहेब, मी सगळ्यांना माफ केलंय. शिक्षा नको, भरपाई नको. पण तारेचा दोष नव्हता.”

“घ्या! तारेचं वकीलपत्र घेतलंय यानं!” कोणीतरी खिदळले.

“येशूनं मला माफ करायला सांगितलंय, खोटं बोलायला नाही. काही घडलंच नाही म्हटलं, तर मी माफ काय केलं?” मग तो कोपऱ्यातल्या तरुणाकडे वळला. “शाबान, तुझ्या लग्नाच्या गाद्याही त्यातच गेल्या रे. जिथं असेन तिथून नव्या भरून पाठवीन.”

शाबानच्या हातातला पेला कलंडला.

“मग उद्या निघ!” उम्दा गरजला.

दमियानाने डोळे पुसले. क्षणभर नवऱ्याकडे पाहिले. “चला. पिंजायची कमान वाचलीय. ती मी घेते.”

नागरिकहो, पीडिताच्या तोंडी खोटे घालून विकत घेतलेली शांतता ही दुसरी जाळपोळच होय. क्षमा सत्याचाच हात धरून चालते. आणि ती करणाऱ्याला कधी कधी घर, गाव, सारे सोडावे लागते.

वहबा उंबरठ्याशी पोचला, तोच शाबान उठला. बापाने त्याचा सदरा ओढला. तो बसला नाही. त्याचे बोलणे निवेदनात नाही, म्हणून येथे शब्दशः देतो:

“काका, थांबा! रॉकेल मी ओतलं. काडी मी ओढली. तुम्ही मला पाहिलं होतंत, तरी माझं नाव घेतलं नाहीत. तार नव्हती, उम्दासाहेब. मी होतो.”