गिअर न बदलणारा आवाज

समाधान लोखंडे बायकांच्या गाडीतून कामाला येतो, हे चाकणच्या त्या अख्ख्या कारखान्यात ठाऊक होतं, आणि त्यात बिचाऱ्याची काडीचीही चूक नव्हती. झालं असं, की पहाटेच्या शिफ्टच्या गाड्या लावणाऱ्या कंत्राटदाराने यादी करायला सगळ्यांना फोन केले. समाधानने "चिखली, पाण्याच्या टाकीजवळ" एवढंच सांगितलं. नावाकडे कोण बघतो? तेवढ्या आवाजावरून त्याला बायकांच्या गाडीत टाकलं गेलं. चूक दुरुस्त करायची तर पुन्हा फोन करणं आलं, आणि फोन म्हटला की समाधान टाळाटाळ करायचा. म्हणून गेले दोन महिने तो चार बायका आणि एका सुरक्षारक्षकासोबत मुकाट्याने ये-जा करत होता.

एकोणतीस वर्षांचा उंचापुरा गडी, दाढी अशी दाट की न्हाव्याला कंटाळा यावा. पण आवाज बाराव्या वर्षी होता तिथेच थांबलेला. डॉक्टर म्हणाले होते, बाकी सगळं ठणठणीत आहे, गळ्यातली स्वरपेटी तेवढी लहान राहिली. सहा महिने आवाजाचे व्यायाम करून झाले, फरक शून्य. घरात त्याचा फोन वाजला की वडील, मारुतराव, हात पुढे करायचे. "दे हिकडं, मी बोलतो." परभणीहून येऊन तीस वर्षं फिटर म्हणून राबलेला हा माणूस आता निवृत्तीत मुलाचे फोन सांभाळत होता. बँकेचे, गॅसवाल्याचे आणि अलीकडे मुलीकडच्यांचे. तीन स्थळं जुळत आली होती आणि तिन्ही मुलगा बोलल्यावर फिसकटली. शेवटी ऑपरेशन ठरलं. गळ्याला छोटासा छेद, आवाज खाली, आणि तो पुन्हा वर जाईल याची खात्री नाही. तारीख मिळाली होती येत्या गुरुवारची. बापलेकांशिवाय कुणालाच ते माहीत नव्हतं.

कंपनीत मात्र त्याचं न बोलता भागायचं, कारण त्याचं काम ऐकण्याचं होतं. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स तिथे एका आवाजबंद खोलीत फिरवून बघतात. यंत्र आकडे दाखवतं, पण वाद झाला की शेवटचा शब्द समाधानच्या कानाचा. "तिसऱ्यात रडतोय," असं त्याने कागदावर लिहिलं की त्या गिअरबॉक्सला लाल पट्टी लागलीच म्हणून समजा. मग मॅनेजर कितीही आदळआपट करोत.

शनिवारी परत येताना गाडी मोशीला अडकली. पुढे कंटेनर आडवा झाला होता. मोजमाप विभागातली नेहा शेजारच्या सीटवर मोबाईलवर काहीतरी ऐकत होती. ती निगडीत एका समूहात पाश्चात्त्य गाणं शिकायची. गाडी हलेना तेव्हा तिने एक इयरफोन समाधानपुढे धरला.

"समाधानदादा, तुमचा कान तयार आहे म्हणतात. सांगा बघू, कोण गातंय?"

गाणं कुठल्या भाषेत होतं देव जाणे. तीनशे वर्षांपूर्वीचं आहे, इटलीकडचं, एवढं ती म्हणाली. व्हायोलिनांच्या लगबगीवर एक उंच, गोड आवाज चढत होता. समाधानने डोळे मिटले.

"पुरुष आहे," तो हळूच म्हणाला. "खाली उतरताना याने गिअर बदलला. वरचा आवाज वेगळा, खालचा वेगळा. सांधा ऐकू येतो."

नेहा चाटच पडली. "बरोबर! वरचा आवाज कमावलेला असतो त्यांचा. आता हे ऐका."

दुसरा आवाजही तितकाच उंच. पण तो खाली आला, पुन्हा वर गेला, गिरक्या घेत राहिला, तरी माल एकच. समाधान सांधा शोधत राहिला. मागच्या बाकावरच्या बायका डबे उघडून चिवडा खात होत्या, त्याला त्यांचा आवाजही येईना.

"बाई असावी," तो म्हणाला. मग लगेच, "नाही, थांबा. एवढा दम... छाती मोठी आहे. पण गिअर बदलतच नाही हा." त्याने इयरफोन कानात आणखी घट्ट दाबला. "हा माणूस असाच बोलत असेल."

नेहाने त्याच गायकाची एक मुलाखत लावली. पडद्यावर दाढीवाला, टकलाकडे झुकलेला माणूस चहा पीत बसला होता आणि समाधानच्या आवाजात बोलत होता. हसत होता. समोरचा त्याला काहीतरी विचारत होता आणि हा घसा न खाकरता, आवाज न दाबता उत्तरं देत होता.

"हा फोनवर काय करत असेल हो?" समाधानने विचारलं. आयुष्यात त्याला एवढी उत्सुकता कशाचीच वाटली नव्हती.

नेहाने मग सांगितलं, की तीनशे वर्षांपूर्वी युरोपात गाणाऱ्या मुलांचा आवाज फुटू नये म्हणून त्यांच्यावर लहानपणीच खच्चीकरणाची शस्त्रक्रिया करत. त्यातले काही पुढे राजांपेक्षा मोठा मान मिळवत. ही गाणी त्यांच्यासाठीच रचलेली. आता तो प्रकार बंद झाला, हे चांगलंच झालं. पण गाणी उरली. ती बायका गातात, नाहीतर वरचा आवाज कमावलेले पुरुष. ज्याचा आवाज मुळातच असा राहिला, असा माणूस क्वचित कुठे सापडतो, आणि सापडला की लोक त्याला ऐकायला लांबून येतात.

"त्या पोरांना कुणी विचारलं नसेल," समाधान म्हणाला. त्याला त्या पोरांसाठी खरंच वाईट वाटलं. मग गुरुवार आठवला. त्यांच्यावर सुरी चालवून जे राखलं, ते आपल्याकडे आपसूक राहिलं, आणि आपण ते घालवायला सुरीखाली जाणार होतो.

रविवारी दुपारी तो निगडीच्या एका शाळेच्या हॉलात, नेहाच्या समूहाच्या तालमीला पोचला. 'नुसता ऐकायला आलोय' हे वाक्य त्याने वाटेत दहादा घोकलं होतं. गाणं शिकवणाऱ्या विजयश्री मॅडमनी त्याचं "नमस्कार" ऐकलं आणि नुसतं ऐकणं तिथेच संपलं. त्यांनी पंखे बंद करायला लावले. "मी देते तो सूर फक्त 'आ' करून धरा. शब्द नकोत."

पहिल्यांदा त्याने सवयीने आवाज दाबला. मॅडमनी मान हलवली. दुसऱ्यांदा त्याने सोडून दिला. आवाज वर गेला, छताच्या पत्र्यापर्यंत पोचला आणि तिथेच राहिला. मॅडम सूर चढवत गेल्या, तो मागोमाग गेला. रोजच्या सवयीप्रमाणे त्याचे कान खोट शोधत होते. खरखर, शिट्टी, रडणं, काहीतरी सापडेल म्हणून तो वाट बघत होता. लाल पट्टी लावण्याजोगं काहीच सापडेना. त्याला इतका आनंद झाला की दम संपल्याचंही त्याच्या लक्षात आलं नाही.

मॅडमनी कौतुक वगैरे काही केलं नाही. पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "गुरुवारी संध्याकाळी सहाला. उशीर करू नका."

बाहेर पडल्यावर त्याने नेहाला गुरुवारचं खरं काय ते सांगितलं. "घसा तुमचा आहे, दादा," ती म्हणाली. "मला फोनवर कुणी चुकून साहेब म्हणत नाही. त्यामुळे मला 'करू नका' म्हणणं सोपंय."

सोमवारी दुपारी शिफ्टवरून येऊन तो जेवायला बसला आणि फोन वाजला. दवाखान्याचा नंबर. मारुतरावांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून हात पुढे केला. "दे हिकडं."

समाधानने उष्टा हात ताटाबाहेर धरला आणि डाव्या हाताने फोन कानाला लावला.

"मॅडम, समाधान लोखंडेंचं गुरुवारी ऑपरेशन आहे ना? पेशंटला बुधवारी रात्रीनंतर काही खायला देऊ नका."

"पेशंट मीच बोलतोय," समाधान म्हणाला. आवाज दाबला नाही. "गुरुवारी नाही जमणार. मला गाण्याला जायचंय."

पलीकडचा सूर लगेच बदलला. "सॉरी सर. मग पुढची तारीख देऊ?"

"नको."

मारुतरावांचा हात अजून पुढेच होता. "काय करायलास, कळतंय का तुला?" ते म्हणाले. त्यात राग होता, पण घाबरलेपण जास्त होतं. "दहा वर्षं लोकांची तोंडं मी झेलली. उद्या मुलीकडच्यांचा फोन आला, तर काय सांगू?"

समाधानला वडिलांची फार दया आली. त्याने फोन दोघांच्या मध्ये न ठेवता आपल्या ताटाशेजारी ठेवला.

"तुम्ही नका सांगू, बाबा. मी उचलीन."