खोली मोठी दिसावी म्हणून

मुकुंदराव अजून स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जात होते. त्यांच्या ताब्यात तेवढी एकच गोष्ट उरली होती. शर्टाची बटणं, दाढी, जेवणाचा चमचा, सगळं बायकोच्या, सुमतीच्या हातात गेलं होतं. पार्किन्सनने चार वर्षांत माणूस असा थोडा थोडा करून उचलून नेला होता. आवाज तर इतका बारीक झाला होता, की ते बोलायला लागले की समोरचा सुमतीकडेच बघायचा आणि सुमती उत्तर देऊन मोकळी व्हायची. तेवढीच त्यांची मेहनत वाचली, असं तिला वाटायचं.

पण बेडरूमच्या दारापासून हॉल ओलांडून संडासापर्यंतची सोळा-सतरा पावलं त्यांची होती. मान खाली घालून, एकेक पाऊल मोजल्यासारखं टाकत जायचे. कोणी हात धरायला गेलं तर कोपर अंगाशी आवळून घ्यायचे.

हॉलच्या जमिनीवर जुनं विनाइल अंथरलेलं होतं, काळ्या-पांढऱ्या चौकटींचं. कोण्या एका दिवाळीला इतवारीच्या बाजारातून गुंडाळी करून ऑटोत आणलेलं. संडासाजवळ त्याची कड उचलली होती. डॉक्टर म्हणाले, पायात अडकेल असं घरात काही ठेवू नका. सुमतीने ते वाक्य धरलं ते सोडलंच नाही. त्या चौकटींचा तिला मनापासून कंटाळा आला होता हेही खरं. हैदराबादहून लेक नूपुर फोनवर म्हणाली, "आई, लॅमिनेट टाकून घे. लाकडासारखं दिसतं. खर्चाचं मी बघते." आजारी माणसाच्या घरात हौस करायची तर तिला डॉक्टरचं नाव लावावं लागतं. सुमतीला ते आयतंच मिळालं.

प्रीतम फ्लोरिंगवाल्याने गुडघे टेकून विनाइल ठोकून पाहिलं.

"हे काढा नाही लागत, काकू. पक्कं बसलं आहे. कड चिकटवतो, वरून फोम अंथरतो, त्याच्यावर पट्ट्या. एकमेकीत खटाखट बसतात. भिंतीकडून बोटभर जागा सोडा लागते फक्त, आपल्या इकडच्या उन्हाळ्यात फुगते ते."

पट्ट्यांची खोकी दोन दिवस हॉलमध्येच पडून राहिली. "घराची हवा लागू द्या त्याइले," म्हणून प्रीतम गेला होता. तिसऱ्या दिवशी येऊन त्याने फोम अंथरला आणि विचारलं, "कशा घेऊ? लांबीत का आडव्या?"

बेडरूमच्या दारात खुर्ची टाकून बसलेले मुकुंदराव म्हणाले, "आडव्या."

प्रीतमने सुमतीकडे बघितलं.

"आडव्या काहून?" सुमती म्हणाली. "हॉल डबीसारखा दिसेल. लांबीत लाव. खोली मोठी दिसते."

मुकुंदरावांचे ओठ पुन्हा हलले. तोवर प्रीतमने कटर सुरू केला होता.

संध्याकाळी काम उरकून प्रीतम गेला. हॉल असा झाला होता, की सुमती मुद्दाम बाहेर जाऊन दारातून पुन्हा पाहून आली. "उठा, चालून तर बघा. हॉटेलात आल्यासारखं वाटून राहिलं," ती म्हणाली.

ते उठले. नव्या फरशीच्या काठाशी आले आणि थांबले. समोर एकसारखा तांबूस पसारा, त्यात लांबच लांब जाणाऱ्या रेघा. पाय जमिनीला शिवून टाकल्यासारखे झाले. गुडघे थरथरले, अंग पुढे झुकलं, पण पाय निघेनात. सुमती "चला, चला" म्हणत राहिली आणि तेवढ्यात लेंगा ओला झाला.

पाणी मुरू देऊ नका, असं प्रीतम बजावून गेला होता. तिने आधी लेंगा बदलला, मग फरशी पुसली. पुसायला फार सोपी होती.

"मी चौकटीची रेघ ओलांडायचो," पलंगावर बसल्यावर ते म्हणाले. तिने कान जवळ नेला. "आडवी रेघ दिसली की पाय उचलतो. एकेक करत पोचतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो."

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणून फरशीवर आडव्या रेघा मारल्या. त्यांनी तीन ओलांडल्या. चौथीचं टोक सुटलं होतं, त्यात अंगठा अडकला आणि ते गुडघ्यांवर आले. लागलं थोडंच, पण त्यानंतर ते उठायलाच भ्याले. पलंगाजवळ भोक असलेली खुर्ची आली. पहिल्या दिवशी ते तिच्यावर बसले तेव्हा सुमती उगाच खिडकीतून खाली बघत राहिली.

प्रीतम सावनेरच्या कामावर होता. तो अकराव्या दिवशी आला. सगळं ऐकून घेतलं. "खालचं विनाइल जसंच्या तसं आहे, काकू. उकलतो."

दीड तासात पट्ट्या भिंतीशी रचल्या गेल्या, फोम गुंडाळला गेला आणि चौकटी वर आल्या. माहेरचं माणूस दिसावं तशी सुमती त्यांच्याकडे बघत राहिली.

मुकुंदराव पहिल्या रेघेशी येऊन उभे राहिले. सुमतीने आपले दोन्ही हात पाठीमागे धरले.

"दिसते ना रेघ?"

"दिसते."

उजवी टाच उचलली गेली. परत टेकली. पुन्हा उचलली, पुन्हा टेकली. अकरा दिवसांत पाय विसरले, की आजारच तेवढा पुढे सरकला होता, हे पुढे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्या घडीला एवढंच कळलं, की रेघ होती, डोळे होते आणि पाऊल नव्हतं.

प्रीतमला कुठे बघावं ते कळेना. मग तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला, वर बघत म्हणाला, "काकाजी, आता तुम्ही म्हटल्या तशा आडव्या लावून देऊ?"

सुमतीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. ते तिने गिळलं आणि वाट बघितली. आवाज यायला बराच वेळ लागला. प्रीतमने उठून त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"काय म्हणतात?" शेवटी तिने विचारलं.

"काकूले विचार म्हणतात."

सुमतीने पलंगाजवळची खुर्ची ओढत आणली आणि त्यांच्या मागे लावली.