हाताजोगत्या तारा

मी एक इलेक्ट्रिक गिटार बोलतेय. आवाज जरा बारीक वाटेल, कारण आत्ता माझी वायर काढून ठेवलीय.

जन्म कारखान्यातला. माझा पहिला मालक हौशी होता. त्याने मला दिवाणखान्यात भिंतीवर टांगलं. पाहुण्यांनी विचारलं, "वाजवता का?" की तो चहाचं बघतो म्हणून आत पळायचा.

त्याने घर बदललं तेव्हा मी वहिनीकडे आले. तिची नणंद तिला वहिनी म्हणते, म्हणून मीही म्हणते. वहिनी बेकरीत कामाला. पहाटे पीठ मळायला जायची, दुपारी घरी येऊन नखांतलं पीठ काढायची आणि मला मांडीवर घ्यायची. रविवारी संध्याकाळी जवळच्या हॉलमध्ये नाच असायचा, तिथल्या बँडमध्ये ती वाजवायची. उजवा हात असा जोरकस की ड्रमवालासुद्धा तिच्याकडे बघून ठेका धरायचा. तेव्हा माझ्या तारा जाड होत्या आणि मानेपासून, म्हणजे बोटं जिथे दाबतात त्या लांब दांडीपासून, उंच ताणलेल्या. तिला तशाच लागायच्या.

मग तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. तार दाबताना तिचा श्वास अडकायचा, तो मला कळायचा. कुणाला न सांगता तिने बारीक तारा आणल्या, तारांच्या टोकाचे स्क्रू फिरवून त्या अगदी मानेलगत खाली उतरवल्या. दाबायला सोप्या झाल्या खऱ्या, पण प्रत्येक सुरामागे सर्र्‌ असा घासल्याचा आवाज यायला लागला.

"आत भुंगा शिरलाय का?" तिचा नवरा म्हणाला. त्याने गमतीनेच म्हटलं होतं. वहिनी हसली नाही. तिने मला पिशवीत घातलं आणि पलंगाखाली सरकवलं.

तिथे मी बराच काळ होते. वर माणसं झोपतात, उठतात, चपला शोधतात. हात आत येतो तो चपलेसाठी.

एकदा पिशवी ओढली ती नणंदेने. तिचं चष्म्याचं दुकान. दिवसभर भिंगं घासणारी म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात.

"ही इथे काय करतेय, वहिनी?"

"आमच्या बँडमधल्या कीबोर्डवाल्याची पुतणी गिटार शिकतेय, तिला देतेय. रविवारी येईल न्यायला."

"का?"

"हात चालत नाहीत गं. तारा वर घेतल्या तर बोटं ओरडतात, खाली घेतल्या तर ही ओरडते."

भिंगरीने मला पिशवीतून बाहेर काढलं. मग म्हणाली, "रविवारपर्यंत मला दे. बिघडली तर बिघडली, तशीही जाणारच आहे."

तिला गिटारीतलं काही येत नव्हतं. पण न समजलेल्या गोष्टीशी घाई करायची नाही, हे तिला येत होतं. माझ्या मानेच्या पोटात तिला सरळ धरणारी एक लोखंडी सळई आहे. किल्लीने ती तिने किंचित आवळली. घासण्याचा आवाज वाढला. दुसरी असती तर रागाने आणखी आवळली असती. भिंगरीने किल्ली खाली ठेवली आणि विचार केला. जाड तारा मान पुढे ओढून धरायच्या, बारीक तारांची ओढ कमी पडते, म्हणून मान फार ताठ झाली असणार. तिने सळई उलटी फिरवली, जराशीच. लाकडाला सवय होऊ दे म्हणून रात्रभर मला तसंच ठेवलं. सकाळी पुन्हा जराशी.

माझी मान सैलावली. घासणं थांबलं, फक्त एका जागी राहिलं. माझ्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांना फ्रेट म्हणतात. तिने छोटी मोजपट्टी तीन-तीन फ्रेटांवर ठेवून पाहिली. एका ठिकाणी मोजपट्टी डुगडुगली. मधला फ्रेट वर आला होता. आजूबाजूच्या लाकडाला कागदी टेप लावून तिने तो घासला, पुसला, बोट फिरवून पाहिला. चष्म्याची काडी कुणाच्या कानामागे टोचू नये म्हणून बघावी, तसा.

मग वहिनीला बोलावलं. वहिनीने हलक्या हाताने छेडलं. आवाज स्वच्छ आला.

"अशी नको," भिंगरी म्हणाली. "हॉलमध्ये वाजवायचीस तशी वाजव."

वहिनीने हाताला जोर दिला आणि त्यांतली सगळ्यात जाड तार पुन्हा घासली. तिचा चेहरा उतरला. भिंगरीने मात्र स्क्रू फिरवून तार केसभर वर घेतली. "दाबून बघ. दुखतंय?"

"नाही."

"मग आता वाजव."

वहिनी वाजवत राहिली. नवरा दाराशी येऊन उभा राहिला, आणि या वेळी पायाने ठेका धरू लागला. आणि मी अशी वाजले, जशी जुन्या जाड तारांवरही कधी वाजले नव्हते. दुखऱ्या बोटांनीसुद्धा न बिचकणारी बाई आणि तिच्यासाठी केसभर फरक शोधत बसणारी नणंद, दोघींच्या मधे मी होते.

रविवारी कीबोर्डवाल्याची पुतणी आली. वहिनीने तिला खुर्ची दिली. "गिटार मिळणार नाही, पण बस. शिकवते."

आता थंडीत बोटं जास्त आखडतात. त्या दिवसांत हॉलमध्ये वहिनी दोनच गाणी वाजवते, बाकीची पुतणी. ऋतू बदलला की माझी मान थोडी हलते, मग भिंगरी किल्ली घेऊन येते.

तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी कुरकुरत असेल, तर तिला लगेच देऊन टाकू नका. आणि किल्ली उचलण्याआधी, वाजवणाऱ्याचे हात एकदा आपल्या हातात घेऊन बघा.