तिरप्याच्या लेकी

वळूवाल्याने लेकीचं नाव शाळेतून काढलं, त्याच वर्षी तिरप्या केंद्रातून गेला. साल विचारलं तर वळूवाला आकडा कधी सांगायचा नाही. "लेकीची शाळा सुटली ना, त्या साली," एवढंच म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याला ते पुरायचं.

केंद्र म्हणजे पैदाशीचे वळू पाळण्याचं सरकारी ठिकाण. वळूंचं रेत बारीक नळ्यांत भरायचं, थंडगार टाकीत गोठवायचं आणि गावोगावच्या गायींसाठी पाठवायचं, हे तिथलं काम. वळूवाला तिथला राखणदार. वळूंना खाऊ घालणं, धुणं, फिरवणं त्याच्याकडे. अकरा वळूंत तिरप्या सगळ्यात बेढब. एक शिंग कानाकडे कललेलं, पुठ्ठे उतरते, आणि चाल अशी की जणू दुसऱ्याच्या चपला घालून निघालाय. पण वळूवाल्याने त्याची आई पाहिली होती. वासराला पाजून वर बादली भरणारी गाय होती ती.

"वळूची परीक्षा वळू देत नाही, त्याच्या लेकी देतात," तो म्हणायचा. "लेकी जन्मायच्या, वाढायच्या, व्यायच्या, मग दुधाला लागायच्या. पाच-सहा वर्षं दम धरावा लागतो."

मोठ्या साहेबांना दम नव्हता. केंद्राचे प्रमुख डॉक्टर ते. त्यांच्या एका स्नेह्याचा देखणा वळू यायचा होता आणि गोठ्यात जागा शिल्लक नव्हती. एक दिवस त्यांनी वळूवाल्याला खोलीत बोलावून कागद पुढे सरकवला.

"अंगठा दे इथे."

"कसला कागद साहेब?"

"चाऱ्याचा. तुला वाचून काय कळणार?"

त्याने दाव्याने कापल्याची आडवी खूण असलेला अंगठा दिला. तिसऱ्या दिवशी कत्तलखान्याची गाडी आली. तिरप्या काही केल्या गाडीत चढेना. चार माणसं दमली. शेवटी साहेबांनी वळूवाल्याला पुढे चालायला सांगितलं, आणि तिरप्या रोजच्यासारखा त्याच्यामागून मुकाट फळी चढून गेला.

महिन्याभराने कारकून बोलता बोलता म्हणाला, "नियमाने लेकींचा निकाल लागल्याशिवाय वळू काढता येत नाही बाबा. पण राखणदारानेच लिहून दिलं की हा मारका आहे, जिवाला धोका आहे, तर काढता येतो. तूच तर अंगठा दिलास."

वळूवाला त्या दिवशी जेवला नाही. तो कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा आणि भर सभेत या माणसाची अब्रू काढायची, असं त्याने मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवसापासून तो लेकीकडे अक्षरं शिकायला बसला. लेक बारा वर्षांची. शाळा सुटल्यावर तिची पुस्तकं फळीवर पडून होती, तीच त्याने खाली काढली. ती चुलीपुढे बसून स्वयंपाक करायची आणि तिथूनच ओरडायची, "बाबा, तो 'ण' आहे, तिरप्याचा खुंटा नाही. इतका दाबून काढू नका, पाटी फुटेल."

राग मोठा मास्तर असतो. त्याने चाळिशीच्या माणसाला दोन वर्षांत जोडाक्षरांपर्यंत आणलं.

मधल्या काळात साहेबांनी वळूवाल्याची बदली टाकीघरात केली. तिरप्याच्या बऱ्याच नळ्या आधीच दूरच्या गावांत फुकट वाटून झाल्या होत्या, कारण त्या कोणी विकत घेत नव्हतं. उरलेल्या चाळीस फेकून द्यायचा हुकूम झाला. वळूवाल्याने त्या कोपऱ्यातल्या एका जुन्या टाकीत सोडल्या आणि दर आठवड्याला तिच्यात गोठवणाऱ्या नायट्रोजनची भर घालत राहिला. वाचता येऊ लागल्यावर त्याने त्या टाकीवरची चिठ्ठी वाचली. लिहिलं होतं, 'रिकामी'. त्याला हसू आलं. साहेबांच्या कागदात गरीब वळू मारका होता, आणि रिकाम्या टाकीत मेलेला वळू भरलेला होता.

लेक अठराची झाली तेव्हा तिला दूध संस्थेत काम मिळालं. गोठ्यागोठ्यात जाऊन प्रत्येक गायीचं दूध मापायचं आणि वहीत मांडायचं. आधीचे लोक गाय आणि दूध एवढंच लिहीत. हिने एक रकाना वाढवला: गायीचा बाप कोण.

त्या रकान्याने सगळं उलटंपालटं केलं. दूरच्या गावांतल्या ज्या गायी दिवसाला तीन-तीन लिटर जास्त देत होत्या, त्या सगळ्यांच्या पुढे एकाच वळूचा नंबर होता, तिरप्याचा. देखण्या वळूच्या लेकी दिसायला चित्रासारख्या होत्या आणि दुधालाही चित्रासारख्याच. तज्ज्ञ आले, त्यांनी पुन्हा दोन वेतं मोजली. तिरप्याला जाऊन अकरा वर्षं झाली तेव्हा तो साऱ्या मुलखातला सर्वांत मोलाचा वळू ठरला.

"मेल्या म्हशीला मणभर दूध," कारकून हसला.

"इथे मापून दिलंय काका," लेक म्हणाली. "वही दाखवू?"

मग समारंभ ठरला. सत्कार कोणाचा? तर निवृत्त झालेल्या मोठ्या साहेबांचा. तिरप्या त्यांच्या कारकिर्दीत केंद्रावर आला म्हणून निमंत्रणपत्रिकेवर 'रत्नपारखी' असं छापलं होतं.

वळूवाला याच दिवसाची वाट पाहत होता. त्याने स्वतःच्या अक्षरात अर्ज करून त्या जुन्या कागदाची नक्कल काढली. मग कारकुनाच्या कानावर घातलं, तिरप्याच्या चाळीस नळ्या जिवंत आहेत आणि कुठे ते मला एकट्याला ठाऊक आहे. बातमी जिथे जायची तिथे गेली. दुसऱ्याच दिवशी दुपारी साहेब त्याच्या दारात उभे.

"अहो, ऐकलं ते खरं का?" बावीस वर्षांत साहेबांच्या तोंडून पहिल्यांदा 'अहो' निघालं.

"बसा," वळूवाल्याने उंबऱ्याबाहेरचं बाकडं दाखवलं. पाणी विचारलं नाही.

"त्या नळ्या समारंभात संस्थेच्या स्वाधीन करू. माझ्या हस्ते. तुमचंही नाव घेईन मी."

"आणतो टाकी. सगळ्यांसमोरच आणतो."

साहेब खूश होऊन गेले. लेक दारामागे उभी होती.

"काय ठरवलंय बाबा?"

"मंचावर हा कागद वाचणार. आणि त्याच्या डोळ्यांदेखत चाळीसच्या चाळीस नळ्या उन्हात पसरणार. घे म्हणावं तुझी रत्नं." त्याने कागद उघडला आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. "सदर वळू मारका असून... मी खालील अंगठा देणार... स्व... स्वखु..."

"स्वखुशीने," लेक म्हणाली.

"माझ्या खुशीने? तिरप्याला मी माझ्या खुशीने पाठवला?" त्याने बाकड्यावर मूठ आपटली.

लेक आत गेली. पत्र्याच्या पेटीतून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. "आता हा वाचा. आता तुम्हाला येतं."

त्याने वाचलं. शाळेचा कागद होता. 'मुलीला अभ्यासात गती नाही, सबब पालकाने स्वखुशीने नाव काढून घेतले.' खाली अंगठा. दाव्याने कापल्याची आडवी खूण असलेला, तोच.

"तुझी शाळा सुटली तेव्हाचा," तो हळूच म्हणाला.

"सुटली नाही बाबा. सोडवलीत."

"तुझी आई आजारी होती तेव्हा."

"धाकट्या भावाची नाही सुटली. बाई सांगत होत्या, हिला उशिरा उमजतं, दोन वर्षं थांबा. तुम्ही म्हणालात, वाट कोण बघणार. साहेबांनी तुम्हाला कागद वाचून दाखवला नव्हता. हा बाईंनी तुम्हाला दोनदा वाचून दाखवला होता."

"अकरा वर्षांत एकदाही बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तुम्हाला वाचता येईपर्यंत थांबले. मग नोकरी लागली, मग म्हटलं, साहेबांचा तो कागद तुमच्या हातात येऊ दे. साहेबांवर सूड घ्यायला तुम्ही शिकलात. तुम्हाला शिकवलं त्यात माझाही सूड होता."

वळूवाल्याने दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. एक अंगठा, एक शब्द. ज्याला तो अकरा वर्षं मनातल्या मनात फासावर चढवत होता, तो त्याच्याच घरात, त्याच्याच कातडीत बसला होता!

"मग साहेबाला सोडून देऊ?"

"मुळीच नाही. पण नळ्यांनी काय केलंय? त्या तिरप्याच्या न जन्मलेल्या लेकी आहेत. पुरुषांच्या घाईपायी आणि रागापायी लेकी कितीदा बळी द्यायच्या?"

समारंभाला वळूवाला टाकी घेऊन गेला. मंचावर ती खाली ठेवली आणि आधी पिवळा कागद काढला. अडखळत, ओळीवर बोट ठेवत, त्याने स्वतःचा कागद भर सभेत वाचला. "ही माझी लेक. हिच्या वहीमुळे तिरप्या कळला. हिला मी गती नाही म्हणून शाळेतून काढली," तो म्हणाला. मग त्याने दुसरा कागद साहेबांपुढे धरला.

"हा तुम्ही वाचा साहेब. मला वाचून काय कळणार?"

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. तीनशे माणसं बघत होती. ते वाचू लागले, आणि 'स्वखुशीने' या शब्दाशी त्यांचा आवाज बसला. हार तबकातच राहिला. टाकी वळूवाल्याने संस्थेच्या स्वाधीन केली, लेकीच्या हस्ते.

त्याने साहेबांना क्षमा केली असं कोणी म्हणेल, तर ते खरं नाही. वाटेत भेटले तरी तो बोलत नसे. पण त्या दिवसापासून केंद्रात वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही असा नियम झाला, आणि वळूवाल्याने लेकीच्या शाळेच्या राहिलेल्या परीक्षेचा अर्ज भरून दिला. ती अभ्यासाला बसली की स्वयंपाक तो करायचा. तो फारसा चांगला होत नसे.

मित्रांनो, आपल्यातही असे साहेब आहेत आणि असे बापही आहेत. पुष्कळदा एकाच अंगात दोघे असतात. ज्याचा गुण दिसायला वेळ लागतो त्याला आपण निकामी ठरवतो, आणि वर त्याच्या खुशीची मोहोर मारतो. अन्यायाचा जाब जरूर मागा. पण दुसऱ्याचा कागद वाचण्याआधी आपला वाचा.

मोठे साहेब समारंभानंतर चौथ्या वर्षी शहरातल्या मुलाकडे वारले. लेक परीक्षा पास झाली त्या साली, निकालानंतर सात आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी वळूवाला गेला. त्याच्या मृत्यूच्या नोंदीवर लेकीने सही केली. आधी दोनदा वाचून.